बागेच्या जागेत पाणी तुंबतं, चर खणावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या वडगावात आमच्या गल्लीमागं बागेसाठी राखलेली जागा आहे. सध्या तिथं काँग्रेस गवत आणि राडारोडा. गल्लीनं मिळून ती हिरवी करायचं ठरवलंय. लॉन नकोच, मे महिन्यात पाणी आणायचं कुठनं? तरुण पोरं मियावाकी (दाट लावलेलं छोटं जंगल) म्हणतात: चौरस मीटरला 3-4 रोपं, पहिली 2-3 वर्षं पाणी. पण मग मुलांनी खेळायचं कुठं? मला कडेनं करंज, जांभूळ, बकुळ आणि उताराच्या टोकाला पाणी मुरवणारा चर बरा वाटतो. अडचण एकच, जमीन काळी, पावसाळाभर डबकं. अशा मातीत चरातलं पाणी मुरतं का? तळाशी खडी-वाळू किती घालावी? आणि महापालिकेला अर्ज कन्नडमध्येच द्यायचा का? टिळकवाडी, अनगोळकडं कुणी केलं असेल तर कळवा.