शब्दचर्चा : निवारा केंद्र, छावणी, शिबिर, शिधा आणि जेवण, रवाना आणि पोहोच

कृष्णाकाठ
गावांच्या पूर आराखड्यांत एकाच शाळेला एका पानावर ‘निवारा केंद्र’, दुसऱ्यावर ‘मदत छावणी’ आणि शेवटच्या यादीत ‘पुनर्वसन शिबिर’ लिहिलेलं असतं. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? तसंच ‘शिधा’ म्हणजे फक्त कोरडं धान्य की शिजलेलं जेवणही? भोंग्यावरून जे पुकारायचं ते लोकांना एकदा ऐकून कळलं पाहिजे, म्हणून विचारतो आहे. जाता जाता : आपद्ग्रस्त, आपत्तीग्रस्त की आपत्तिग्रस्त?

ऱ्हस्वदीर्घ
शेवटचं आधी. ‘आपद्ग्रस्त’ बरोबर, ‘आपत्तिग्रस्त’ही बरोबर. तत्सम ऱ्हस्व इकारान्त शब्द समासात पहिल्या पदी आला की ऱ्हस्वच राहतो. ‘आपत्ती व्यवस्थापन’ सुटं लिहिलं तर दीर्घ. पुराच्या कामात मात्र ‘पूरग्रस्त’ लिहावं. सगळ्यांच्या तोंडात तोच शब्द आहे.

गावकी
तिन्ही शब्द वेगळे आहेत. मुख्य फरक मुक्कामाच्या मुदतीचा आणि जागेचा.

निवारा केंद्र म्हणजे आधीपासून उभी असलेली पक्की इमारत : शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय. मुक्काम काही तासांचा ते काही दिवसांचा. ते पाणी येण्याआधी उघडायचं असतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. केंद्राचं कुलूप इशारा पातळीला निघालं पाहिजे. धोका पातळीला किल्ली शोधायला निघालात तर तोवर सखल गल्ल्यांतून बैलगाडीही जात नाही.

आराखड्यातला सगळ्यात फसवा शब्द वेगळाच आहे, ‘क्षमता’. ‘शाळा, खोल्या ८, क्षमता ३२०’ असं लिहितात. ती बाकांवर बसणाऱ्या मुलांची संख्या असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१६च्या किमान मानकांनुसार निवाऱ्यात माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा लागते. २० बाय २० फुटांची खोली सुमारे ३७ चौरस मीटर भरते, म्हणजे माणसं १०. आठ खोल्यांत ८०. त्याच मानकांत ३० माणसांमागे एक शौचालय आहे. शाळेत चालू स्थितीतली दोनच असतील तर हिशेब ६० वर येतो, आणि बायकांसाठी वेगळं हवं म्हटलं की त्याहून खाली. म्हणून ‘बैठक क्षमता’ आणि ‘मुक्काम क्षमता’ असे दोन रकाने करा. दुसऱ्या रकान्यात जागा आणि शौचालयं यांतून निघणारा लहान आकडा लिहा.

माणदेशी
‘छावणी’बद्दल. माण, आटपाडी, सांगोला, जत या भागात छावणी म्हटलं की जनावरांचीच. दुष्काळातल्या चारा छावण्यांनी तो अर्थ पक्का केला आहे. शहरी कानाला छावणी लष्कराची वाटते. माणसांच्या निवाऱ्याला छावणी म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पुकारा ऐकून निम्मे लोक गुरं घेऊन येतील आणि शाळेच्या अंगणात दावणी लागतील. गाळ, शेण आणि पिण्याच्या पाण्याची टाकी एकाच आवारात आली की तिथून पुढे जुलाब थांबवायच्या गोळ्या मागवायच्या.

पण ‘माणसांनी निवारा केंद्रात यावं’ एवढंच पुकारलं तर दुभत्या म्हशीसाठी घरातला एक माणूस मागे राहतो, आणि पुढे त्याच्यासाठी बोट पाठवावी लागते. दोन्ही जागा एकाच वाक्यात सांगा : ‘माणसं हायस्कुलात, जनावरं माळावरच्या छावणीत.’ माळावर सावली आणि पाण्याचा टँकर आधी पोहोचलेला हवा. मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ५० लिटर पाणी धरा. ज्यांना जनावर नेता येणारच नाही त्यांनी दावं सोडून द्यावं, हेही त्याच पुकाऱ्यात सांगितलं पाहिजे. बांधलेलं जनावर बुडतं. सुटलेलं उंचवटा शोधतं.

मोजपट्टी
शिबिर म्हणजे उघड्या जागेवर नव्याने उभारलेली वस्ती. तंबू, पत्र्याच्या शेड, कंटेनर. मुक्काम आठवड्यांचा किंवा महिन्यांचा. भूकंपानंतर याला पर्याय नसतो, कारण उभ्या इमारतींत झोपायला लोक तयार नसतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

इथे मापही बदलतं. ३.५ चौरस मीटर हे छताखालचं. स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांत रस्ते, स्वयंपाकघर, शौचालयं, धुण्याची जागा धरून शिबिराला माणशी ४५ चौरस मीटर जमीन लागते. ५०० माणसांना २२,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेपाच एकर. ‘शाळेच्या मागचं २० गुंठे पटांगण, ५०० लोकांचं शिबिर’ असं वाक्य आराखड्यात दिसलं तर समजा की दोन मापांची गल्लत झाली आहे. २० गुंठ्यांत या हिशेबाने पंचेचाळीस माणसंही धड बसत नाहीत.

‘संक्रमण शिबिर’ मुंबईकरांसमोर जपून वापरा. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत लोकांनी दशकं काढली आहेत. तो शब्द ऐकल्यावर ‘परत जाणं नाही’ हेच मनात येतं. ‘तात्पुरता निवारा’ म्हणा आणि सोबत मुदत सांगा. १९६१च्या पानशेत पुरानंतर पुण्यात निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या, उभारल्या, १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेड, २०२३मध्ये इर्शाळवाडीच्या लोकांना चौकजवळ कंटेनर. प्रत्येक वेळी पत्र्याचं काम एकच : पक्कं घर होईस्तोवरचा काळ काढणं. पत्रा लावताना छताखाली वाऱ्याला फट ठेवली नाही तर दुपारी आत बसवत नाही आणि लोक दिवस बाहेर काढतात.

‘पुनर्वसन’ यातल्या कशालाच म्हणू नका. पुनर्वसन म्हणजे कायमची वस्ती. किल्लारीनंतर ५२ गावं नव्या जागी वसवली, ते पुनर्वसन.

चूलपाणी
आता शिधा. परंपरेने शिधा म्हणजे घेणाऱ्याने स्वतः शिजवून खायचं कोरडं सामान. २०२२च्या दिवाळीतल्या ‘आनंदाचा शिधा’मध्येही रवा, चणाडाळ, साखर आणि तेल होतं. त्यामुळे ‘तयार शिधा’ हा शब्दप्रयोगच चुकीचा आहे आणि कामात गोंधळ घालतो. ‘शिधा पाठवा’ म्हटलं की तांदळाची पोती येतात आणि शाळेत चूल नसते.

तीन टप्पे, तीन शब्द. स्वयंपाकघर सुरू होईपर्यंत, फार तर पहिले एक-दोन दिवस, कोरडा खाऊ : चुरमुरे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, बिस्किटं. पाणी न घालता, हात न भरवता खाता येईल असं. मग जेवण, सामूहिक स्वयंपाकघरातून. शिधा सगळ्यात शेवटी, लोक घरी परतताना.

१०० माणसांच्या एका वेळच्या खिचडीला तांदूळ १० किलो, मूगडाळ ५ किलो, तेल दीड लिटर, पाणी ४५ ते ५० लिटर. यातून माणशी साधारण साडेसहाशे कॅलरी मिळतात. मोठ्या माणसाला दिवसाला २,४०० कॅलरी हे २०१६चं मानक आहे. दोन वेळच्या नुसत्या खिचडीने तेराशेपर्यंतच मजल जाते. सकाळचा पोहे-उपम्याचा नाश्ता, चिक्की आणि शक्य तिथे भाकरी जोडल्याशिवाय तिसऱ्या दिवशी माणसं गळून जातात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका आधी.

‘अन्नपाकीट’ हा शब्द ऐकायला सोपा, प्रकरण नाजूक. गरम भाजी प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की वाफ आत धरते आणि पावसाळी हवेत दुपारपर्यंत अन्न आंबतं. पोळी किंवा पुरी, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ, गार करून कागदात. रस्सा नाही, ओलं खोबरं नाही. पाकिटावर शिजवल्याची वेळ लिहा आणि चार तासांनंतर ते वाटू नका. वेळ लिहिलेली नसेल तर बोटीवरचा माणूस सकाळचं पाकीट संध्याकाळी चांगल्या मनाने वाटतो आणि आजार पसरतो.

शिध्याबद्दलही एक गोष्ट. २०१९च्या महापुरात कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ देण्याचा निर्णय झाला होता. तांदूळ लगेच शिजतो. गव्हाला गिरणी लागते, गिरणी गावठाणात पाण्याखाली गेलेली आणि वीज बंद. अशा वेळी पहिल्या पंधरवड्याला पीठ आणि त्यानंतर गहू, हा क्रम ठेवावा. पीठ दमट हवेत फार टिकत नाही, म्हणून एकदम पाच किलोच्या वर देऊ नये.

कृष्णाकाठ
चूलपाणी, ‘कुटुंबाला १० किलो’ म्हणताना कुटुंब कोणतं धरायचं? वाटपाच्या रांगेत भांडण तिथेच होतं.

सातबारा
मराठीत मोजण्याचे शब्द चांगले आहेत, ते वापरावेत. ‘उंबरा’ म्हणजे घर. ‘चूल’ म्हणजे वेगळं शिजवणारं कुटुंब. एका उंबऱ्यात तीन भावांच्या तीन चुली असतात आणि शिधापत्रिका आईवडिलांच्या नावावर एकच. कोरडा खाऊ आणि जेवण माणसावर मोजा. शिधा आणि भांड्यांचा संच चुलीवर मोजा. घराची मदत उंबऱ्यावर ठरते. यादीत तिन्ही रकाने असले की भांडण पूर्ण मिटत नाही, पण आवाक्यात राहतं. भाडेकरू, ऊसतोड मजूर आणि वीटभट्टीवरची माणसं उंबऱ्यातही येत नाहीत, शिधापत्रिकेतही येत नाहीत. त्यांच्यासाठी माणसांचा रकाना हाच आधार.

‘नोंद’ आणि ‘पंचनामा’ यांचीही गल्लत होते. नोंद केंद्राच्या दारात होते : नाव, वय, गल्ली, आजार, सोबत कोण. पंचनामा नुकसानीचा; पाणी उतरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि शेतीचा असेल तर कृषी सहायक मिळून करतात. ‘पंचनामा झाला नाही म्हणून शिधा नाही’ हे चूक आहे. जेवण आणि निवारा नोंदीवर मिळतो. पंचनाम्यावर अनुदान ठरतं. २०१९मध्ये मोफत धान्यासाठी घातलेल्या ‘दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात’ या अटीवरून संताप झाला. पाणी कधी शिरलं आणि कधी उतरलं हे कुणी त्या त्या दिवशी लिहून ठेवलं नसेल तर अशी अट सिद्ध कशी करायची? भिंतीवर पाण्याची खूण, तारीख आणि वेळ खडूने लिहून फोटो काढा.

शिवाय ‘नुकसानभरपाई’ म्हणू नये. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाटीवर १,२०,००० आणि डोंगराळ भागात १,३०,००० रुपये होते. ही मदत आहे, घराची किंमत नव्हे. भरपाई म्हटलं की लोक किमतीचा हिशेब करतात आणि फसवल्याची भावना होते.

गावकी
त्या निधीच्या संक्षेपाचाही घोळ होतो. ‘एसडीआरएफ’ म्हणजे निधीही आणि दलही. ‘एसडीआरएफ मंजूर’ या निरोपाने कुणी बोटी येण्याची वाट बघत बसू नये. ‘प्रतिसाद निधी’ आणि ‘प्रतिसाद दल’ असं पूर्ण बोला.

मोजपट्टी
माझ्या मते सगळ्यात घातक शब्द ‘निरंक’ आहे. रोजच्या अहवालात निरंक म्हणजे ‘तपासलं, काही नाही’. रिकामा रकाना म्हणजे ‘माहिती आली नाही’. ज्या वाडीचा फोन बंद, तिचा रकाना रिकामा राहतो. एकत्रीकरण करणारा कारकून सगळे रकाने भरायचे म्हणून तिथे निरंक लिहितो. वर अहवाल जातो तेव्हा सगळ्यात अडचणीतली वाडी सगळ्यात सुरक्षित दिसते. तिथे ‘संपर्क नाही’ असंच लिहायचं, किती वाजल्यापासून तेही. आणि पहिलं पथक तिकडेच पाठवायचं.

चूलपाणी
याच्याच जोडीला ‘रवाना’. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात ‘५,००० पाकिटं रवाना’ अशी नोंद झाली की ती वाटल्यात जमा होते. ट्रक फाट्यावर पाण्यात अडकलेला असतो. मागणी, मंजूर, रवाना, पोहोच असे चार रकाने वेगळे हवेत आणि पोहोच केंद्रप्रमुखाच्या सहीशिवाय किंवा फोनवरच्या शब्दाशिवाय भरायची नाही. मागणीला क्रमांक द्या. नाहीतर एकाच शाळेची २०० चादरींची मागणी तहसीलदार, सेवाभावी मंडळ आणि व्हॉट्सॲप अशा तीन वाटांनी फिरते, ६०० चादरी येतात आणि पलीकडच्या गावात एकही नाही. मागणी रद्द झाली तर तोच क्रमांक सांगून रद्द करा. ‘आता पुरे’ हा निरोप क्रमांकाशिवाय गेला तर कोणती गाडी थांबवायची ते कुणालाच कळत नाही.

कृष्णाकाठ
म्हणजे पुकारा असा बसतो : ‘नदी इशारा पातळीला आली आहे. वेशीकडच्या आणि घाटाकडच्या गल्ल्यांतली माणसं आत्ता हायस्कुलातल्या निवारा केंद्रात या, जनावरं माळावरच्या छावणीत न्या, नेता येत नसतील तर दावं सोडा. केंद्रात खाऊ आणि पाणी आहे, रात्री जेवण मिळेल. आधार, शिधापत्रिका आणि चालू औषधं सोबत घ्या.’ ‘शिधा’ यात कुठेच नको, बरोबर?

चूलपाणी
बरोबर. ‘रात्री जेवण मिळेल’ हे मात्र गॅस आणि पातेली हायस्कुलात पोहोचल्यावरच पुकारा.