कोकम सरबताच्या लेबलासाठी कोरड्या ब्रशचा देवनागरी फॉन्ट

विचारणा (वेंगुर्ले)
आमच्या बचत गटाचे कोकम सरबत आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) यंदा नव्या बाटल्यांतून विक्रीस येणार आहे. नावासाठी कोरड्या ब्रशने ओढल्यासारखी, खरबरीत कडांची अक्षरे हवी आहेत; परंतु तसा एक फॉन्ट घेऊन ‘कोकम’ टंकले, तर शब्द हाताने लिहिल्यासारखा न दिसता ठसा उमटवल्यासारखा दिसतो. हे कशामुळे होते? हीच अक्षरे पुढे दुकानाच्या फलकावरही घ्यायची आहेत.

उत्तर (रत्नागिरी)
ताई, आपल्या शब्दात ‘क’ दोनदा येतो आणि दोन्ही वेळा ब्रशचे ओरखडे नेमके त्याच जागी उमटतात. डोळ्याला ते लगेच कळते. काही फॉन्टमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपे दिलेली असतात, तशी असल्यास दुसरा ‘क’ बदलून पाहावा.

त्याहून मोठी अडचण शिरोरेषेची आहे. हाताने लिहिताना आपण बहुधा अक्षरे आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी एका ओढीत देतो, त्यामुळे रंग डावीकडे दाट असतो आणि उजवीकडे विरत जातो. फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येते, म्हणून कोरडेपणा अक्षरागणिक नव्याने सुरू होतो आणि सांधे उघडे पडतात. माझ्या मते संगणकावर मजकुराचे बाह्यरेषांत रूपांतर करून (म्हणजे टंकलेली अक्षरे चित्रासारखी बदलता येतील अशी करून) ती शिरोरेषा पुसावी, चपट्या ब्रशने कागदावर एकच रेघ ओढून स्कॅन करावी आणि ती तेथे बसवावी. एवढ्याने शब्दात जीव येतो.

‘कलम’ आणि ‘यात्रा वन’ हे मुक्त परवान्याचे, म्हणजे विनामूल्य वापरता येणारे, फॉन्ट आहेत. पहिल्याचे वळण हस्ताक्षराचे आहे, दुसरा रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे. दोहोंच्या कडा स्वच्छ असल्याने पोत आपल्यालाच द्यावा लागेल.

उत्तर (सावंतवाडी)
छपाईचाही विचार व्हावा. लहान लेबलावर बारीक ओरखडे शाईने बुजतात आणि अक्षर नुसते मळकट दिसते, तर फलकासाठी व्हिनाइलच्या चिकट प्लॅस्टिक पट्टीतून अक्षरे कापणाऱ्या यंत्राला तेच असंख्य बारीक तुकडे कापावे लागतात व ते सोलताना निघून येतात. म्हणून फलक छापूनच घ्यावा, आणि लेबलासाठी मोजके, ठळक ओरखडे ठेवलेली वेगळी प्रत करावी. घटक पदार्थ, वजन, किंमत हा मजकूर ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्येच असावा.

उत्तर (मालवण)
वरील सूचना योग्य आहेत, तरीही दोन-तीन शब्दांसाठी फॉन्ट विकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके नाटकागणिक वेगळ्या अक्षरांत रेखाटली, आणि त्या त्या नाटकाचे नाव त्या वळणासह लोकांच्या लक्षात राहिले. आपल्या किनाऱ्यावर होड्यांची नावे रंगवणारे पेंटर आहेत. त्यांच्याकडून योग्य मोबदला देऊन ‘कोकम’ आणि ‘आगळ’ कागदावर अनेकदा लिहून घ्यावे, त्यांतले सर्वांत मोकळे अक्षर निवडावे आणि ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे. पुढे आंबापोळी, फणसपोळी अशी नावे वाढत जाणार असतील, तरच फॉन्टचा खर्च सार्थ ठरेल.