एक्स्ट्रुजन म्हणजे ऑपरेशनच, असं नाही

कुणीतरी लिहिलंय की कमरेच्या एमआरआयमध्ये 'एक्स्ट्रुजन' आलं म्हणजे ऑपरेशन अटळ. हे अजिबात पटलं नाही. हा शब्द मणक्यांमधल्या चकतीच्या (डिस्कच्या) बाहेर आलेल्या भागाचा आकार सांगतो, आणि असा तुकडा शरीर बरेचदा काही महिन्यांत स्वतःच शोषून घेतं. पाहायचं ते हे, की दबलेली नस आणि होणारा त्रास जुळतो का. एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती मागे एका बाजूला सरकली की सहसा एल५ची नस दबते. मग पोटरीच्या बाहेरच्या अंगाने कळ जाते, पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडतो. नुसता 'बल्ज', म्हणजे चकतीची कड थोडी फुगलेली असणं, तर पाठ न दुखणाऱ्यांतही सर्रास दिसतो. मात्र लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर रिपोर्टचा काथ्याकूट नको, तडक हॉस्पिटल गाठा.