मदत हवी आहे : झोपताना साखर बरी, सकाळी उपाशीपोटी १८०च्या वर

आई ६३ वर्षांची, आम्ही नागपूरला राहतो. टाइप २ मधुमेह, तोही जुना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी. झोपताना साखर १३०-१४० असते आणि सकाळी चहाआधी बोट टोचलं की १८०, कधी १९५. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.९ आलंय.

डॉक्टर म्हणाले, पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, त्यामुळे यकृत साखर सोडतं आणि मधुमेहात ती आवरायला इन्सुलिन कमी पडतं. यालाच डॉन फिनॉमेनन म्हणतात. पण रात्री साखर ७०च्या खाली जाऊन मग उसळते का, तेही बघा म्हणाले. म्हणून रात्री ३ वाजता उठून तपासलं. तेव्हा १३५च्या आसपास होती, चढली ती ५ नंतर. मशीनच्या तपासणी पट्ट्यांवरही शंका होती, कारण डबीवर ३० अंशांच्या खाली ठेवा असं लिहिलंय आणि इथल्या मे महिन्यात स्वयंपाकघर भट्टीसारखं तापतं. लॅबमधून उपाशीपोटीची तपासणी करून घेतली, १७८ आली. म्हणजे मशीन बरोबर आहे.

आता खरी काळजी वेगळीच. सकाळचा आकडा बघून आईने रात्रीचं जेवणच सोडलंय. "जेवलेच नाही तर साखर येईल कुठून?" म्हणते. ग्लासभर ताक पिते आणि गोळी मात्र न चुकता घेते! ग्लिमेपिराइडवर उपाशी राहिलं तर साखर झपकन खाली जाऊ शकते. ३ वाजताची तपासणी केली तेव्हा ती नीट जेवत होती, त्यामुळे त्या आकड्यावर आता विसंबता येत नाही. मागच्या आठवड्यात मध्यरात्री घाम फुटून जागी झाली, हात थरथरत होते. मशीनवर ६४. लगेच साखरपाणी दिलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं तेव्हा ९१. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उपाशी राहायला सक्त मनाई केलीय. तरी ती ऐकत नाही.

कोणाच्या घरी असं झालंय का? साडेसातला ज्वारीची भाकरी, भाजी, वरण आणि नंतर अर्धा तास चालणं, याने सकाळचा आकडा उतरला का? दंडावर लावायचा, सतत साखर मोजणारा १४ दिवसांचा सेन्सर घ्यावा का? रात्रभराचा आलेख डोळ्यांनी पाहिला तर आईला पटेल असं वाटतं. गोळ्यांचा बदल डॉक्टरच करतील, तो सुचवू नका. आईला जेवायला कसं बसवायचं, ते मात्र जरूर सांगा.