अ‍ॅनोरेक्सियाच्या पेशंटचं पहिल्या आठवड्याचं ताट: कितीपासून सुरू करावं?

आहारतज्ज्ञ_जळगाव
आमच्याकडे मेडिसिन, बालरोग आणि मानसोपचार मिळून अ‍ॅनोरेक्सियासारख्या (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याच्या) खाण्याच्या विकारांसाठी चार खाटा वेगळ्या काढल्यात. प्रोटोकॉल मात्र जुनाच आहे: रोज किलोमागे ५ ते १० कॅलरी, मग हळूहळू वाढ. ३४ किलोच्या मुलीला यात जास्तीत जास्त ३४० कॅलरी मिळतात, म्हणजे दीड भाकरी आणि अर्धी वाटी वरण. पहिल्या आठवड्यात वजन उलट घटतं. आता कितीपासून सुरू करतात, आणि आपल्याकडच्या जेवणात ते बसवायचं कसं?

मेडिसिन_धुळे
ताई, किलोमागे ५-१० हा आकडा फार जोखमीच्या पेशंटसाठी ठेवा: १५ दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच खाल्लेलं नाही, किंवा दाखल होतानाच फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी आहे. बाकी मुलींना रोज १४०० कॅलरीपासून सुरू करता येतं. अमेरिकेत १२ ते २४ वयाच्या पेशंटवर तुलना झाली. एका गटाला २००० पासून रोज २०० वाढ, दुसऱ्याला १४०० पासून एकाआड एक दिवस २००. पहिला गट सुमारे तीन दिवस आधी स्थिर झाला आणि इलेक्ट्रोलाइट्सचा (रक्तातल्या क्षारांचा) त्रास वाढला नाही. पण तिथे रक्त रोज तपासलं जात होतं. ती सोय नसेल तर २००० चा हट्ट नको.

आणि आपल्याकडची खरी खोच इथे आहे. लॅबला नुसतं 'इलेक्ट्रोलाइट्स' लिहिलं की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस (म्हणजेच फॉस्फेट) आणि मॅग्नेशियम वेगळं लिहावं लागतं. पहिला आठवडा रोज पाहा, कारण खाणं सुरू झालं की इन्सुलिन वाढतं, फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि दाखल होताना नॉर्मल असलेला रिपोर्ट तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोसळतो.

'अशक्तपणा आहे, एक बाटली लावा' असं नातेवाईक म्हणतातच. थायमिन (व्हिटॅमिन बी-१) न देता ग्लुकोजची बाटली लावू नका. थायमिन खाणं सुरू करण्याआधीच, रोज २०० ते ३०० मिग्रॅ, पहिले १० दिवस.

केळीवाला_रावेर
केळी देऊन चालणार नाही का? आपल्याकडे तोटा नाही.

मेडिसिन_धुळे
द्या की, पण फॉस्फेटसाठी नाही. केळ्यात पोटॅशियम भरपूर, फॉस्फरस १०० ग्रॅममागे जेमतेम २० मिग्रॅच्या आसपास. दुधात त्याच्या चौपट.

डाएट_भुसावळ
ताटाचं सांगते. पीठ मोजून गोळे करा, नाहीतर प्रत्येक भाकरी वेगळी. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी साधारण २०० कॅलरी, ३० ग्रॅम शेंगदाणे १७०, पाव लिटर म्हशीचं दूध २५०, तेल-तुपाचा छोटा चमचा ४५. भाकरी-भाजीनं पोट लवकर भरतं, आणि या मुलींचं पोट आधीच संथ रिकामं होतं. म्हणून पहिले दिवस तूप घातलेली मऊ खिचडी, दूध, पाच-सहा छोटी खाणी. बिनतेलाचं भरीत ही यांची आवडती पळवाट. ताटभर दिसतं, कॅलरी काहीच नाही.

वॉर्ड_सिस्टर
जेवणाला ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५, नंतर तासभर बाथरूम बंद आणि सोबत बसणं. भाकरीचा वरचा पापुद्रा खाऊन उरलेली कुस्करून ताटाखाली जाते, तूप कडेला पुसलं जातं, नॅपकिन तपासा. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, गाऊनमध्ये, आकडा न दाखवता. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (दाटपणा) १.००५ च्या खाली आली तर पाणी पिऊन वजन वाढवलंय समजा. नाडी दिवसा ५० च्या खाली, रात्री ४५ च्या खाली दिसली तर लगेच डॉक्टरांना कळवा. मे महिन्यात जळगावच्या उन्हात कुणी स्वेटर मागत असेल तर तापमानही घ्या.

मानसोपचार_नंदुरबार
घरच्यांना सुरुवातीपासून बसवा. कुटुंबाधारित उपचारात पहिल्या टप्प्यात जेवण आईवडीलच ठरवतात, मुलीशी वाटाघाटी नाही. श्रावण लागला की उपवास पुढे येतो, आणि आजी 'देवाचं आहे, मोडू नको' म्हणते. आजीलाच बोलावून सांगा की वजन सुधारेपर्यंत उपवास बंद, हा औषधाइतकाच पथ्याचा भाग आहे. श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट (प्रसाद) आले तर तेही मोजून, घरच्यांसोबत बसून. सुट्टी देताना पुढची तारीख आठवड्याच्या आत द्या, आणि घरच्या वजनकाट्याचं काय करायचं तेही त्याच दिवशी ठरवा. सहसा तो घराबाहेरच बरा.