‘पिधान’ नेमके कोणाचे?

प्रश्न : नेपच्यूनच्या पलीकडचा एखादा पिंड ताऱ्यासमोरून सरकतो आणि तारा काही सेकंद दिसेनासा होतो. ऑकल्टेशन. याला कुणी ‘अधिक्रमण’ म्हणते, कुणी ‘पिधान’. सरळ ‘ग्रहण’ म्हटले तर काय बिघडते?

प्रतिसाद : अधिक्रमण नक्कीच नाही. 2004 आणि 2012 मध्ये शुक्राचे अधिक्रमण झाले तेव्हा सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका गेला, सूर्य झाकला गेला नाही. इथे उलट आहे. तारा प्रत्यक्षात केवढाही असो, आपल्याला तो जवळपास बिंदूच. म्हणून नेपच्यूनच्या अलीकडे, शनी आणि युरेनसच्या दरम्यान फिरणारा चारिक्लोसारखा जेमतेम अडीचशे किलोमीटरचा पिंडही त्याला पुरता झाकतो. झाकणे म्हणजे पिधान. अपि + धा, त्यातला आरंभीचा ‘अ’ गळला. ‘पिहित’ म्हणजे झाकलेला, तो याच घरातला. (फोन मात्र दर वेळी त्याचे ‘विधान’ करतो.) ‘ग्रहण’ अर्थाने चालेल, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सूर्य-चंद्रच येतात.

मला खटकते ते ‘चारिक्लोचे पिधान’. सूर्यग्रहणात झाकतो चंद्र, पण नाव लागते सूर्याचे. चंद्राने शनी झाकला तर आपण ‘शनीचे पिधान’ म्हणतो. म्हणजे षष्ठी झाकल्या जाणाऱ्याला. अधिक्रमणात ती पुढून जाणाऱ्याला लागते, ‘शुक्राचे’. घोटाळा तिथून येत असावा. तेव्हा ‘चारिक्लोने केलेले ताऱ्याचे पिधान’. लांबते, पण अर्थ फिरत नाही. मथळ्यात ‘चारिक्लोकडून तारापिधान’ चालावे.

प्रतिसाद : बातम्यांत ‘पिधान युती’ही वाचतो. चंद्र-शनीला ठीक. पण अनामिक ताऱ्याशी कसली युती? नुसते पिधान पुरे.

प्रतिसाद : तारा जाण्याच्या आणि परत येण्याच्या क्षणांना नवे शब्द घडवू नयेत, पंचांगात आहेत. ग्रहण सुरू होते तो स्पर्श, बिंब पूर्ण झाकले जाते ते संमीलन, पुन्हा उघडू लागते ते उन्मीलन, सुटते तो मोक्ष. तारा बिंदूवत असल्याने स्पर्श आणि संमीलन एकाच क्षणी होतात, दिवा घालवल्यासारखा तारा जातो. 9 जून 1988 रोजी प्लुटोने तारा झाकला तेव्हा तसे झाले नाही. प्रकाश हळूहळू उतरला, कारण प्लुटोच्या विरळ वातावरणात किरण वाकत होते. तिथे स्पर्श आणि संमीलन वेगळे ठेवावेच लागतात.

10 मार्च 1977 चे उदाहरण आणखी मजेचे. युरेनसमागे जाण्याआधी आणि बाहेर आल्यावरही तारा पुन्हा पुन्हा मंदावला, आणि त्यातून युरेनसची कडी सापडली. तामिळनाडूतल्या कावलूरलाही असे मंदावणे टिपले गेले होते. प्रकाशाच्या आलेखातल्या या छोट्या घसरणींना मी ‘खाच’ म्हणतो. 2013 मध्ये चारिक्लोची दोन कडीही अशा खाचांवरूनच कळली.

प्रतिसाद : ‘कॉर्ड’ला काय म्हणता? मी ‘जीवा’ वापरतो, शाळेच्या भूमितीतलीच. तारा किती सेकंद लपला ते पिंडाच्या पृथ्वीवरून सरकणाऱ्या सावलीच्या वेगाने गुणले की पिंडाची एक जीवा मिळते. सावली सेकंदाला 24 किलोमीटरने धावत असेल आणि तारा 10 सेकंद लपला असेल, तर जीवा 240 किलोमीटर. वेगवेगळ्या जागांवरून घेतलेल्या जीवा एकाखाली एक मांडल्या की आकार उमटतो. 17 जुलै 2017 ला अर्जेंटिनात अॅरोकॉथ या नेपच्यूनपलीकडच्या छोट्या पिंडासाठी 24 दुर्बिणी रांगेने लावल्या होत्या, तारा लपलेला दिसला पाचांना. तेवढ्यावरून तो दोन गोळ्यांचा जोड असावा असे दिसले आणि 1 जानेवारी 2019 ला नासाचे न्यू होरायझन्स यान त्याच्या जवळून गेले तेव्हा ते खरे ठरले.

प्रतिसाद : जीवा उत्तम. मग ज्यांना तारा लपलेला दिसला नाही त्यांच्या नोंदीला काय म्हणायचे? ‘अयशस्वी निरीक्षण’ लिहिलेले पाहून चीड येते. पिंडाची कड कुठवर पोहोचत नाही हे त्याच नोंदी सांगतात.

प्रतिसाद : सरकारी अहवालातला ‘निरंक’ घ्या की. निरंक नोंद.