‘मेडल आलं, संस्कार गेले’ म्हणे. आधी टायमिंग तरी सांगा!

पार्कवरची
परवापासून एक पोस्ट फिरतेय. राज्य स्पर्धेत पदक आणलेल्या आपल्या सोलापूरच्या पोरीचा सत्कार होता. पोरगी माईकवर म्हणाली, “मी खूप मेहनत घेतली,” आणि सरांच्या पाया न पडता स्टेजवरून उतरली. त्यावर फोटो टाकून एकानं लिहिलंय, “मेडल आलं, संस्कार गेले.” खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी गप्प बसणार होते, पण रात्री झोप लागेना.

मी आठशे मीटर पळायचे. पहाटे पार्कवर, चुन्यानं आखलेल्या रेषांवर. आमच्या सरांच्या गळ्यात काळ्या दोरीचं स्टॉपवॉच असायचं. फेरी संपली की ते घड्याळ बघायचे, ‘हं’ म्हणायचे आणि अंगठ्यानं शून्यावर आणायचे. “किती आलं सर?” “तुला काय करायचंय? आकडा कळला की डोक्यात हवा जाते.” दोन वर्षं मी स्वतःचं टायमिंग न कळता पळाले. विभागीय स्पर्धेत निकालाच्या कागदावर पहिल्यांदा वाचलं, २ मिनिटं २४ सेकंद. ते चांगलं की वाईट तेही कळेना. शेजारी कोल्हापूरची एक पोरगी बूट सोडत बसली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, “अगं, पहिले चारशे एवढे हळू का काढलेस?” तिला तिच्या प्रत्येक फेरीचे सेकंद पाठ होते. मला काय माहीत, मी कुठल्या वेगानं पळते!

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. मधोमध सर, हातात माझं पदक. मी कडेला, अर्धी कापलेली. आता सांगा, डोक्यात हवा कुणाच्या होती? आणि हो, मी पाया पडले होते. दोनदा.

आखाड्यातला
ताई, एका सरावरून सगळ्या गुरूंना झोडपू नका. मी लाल मातीत वाढलेला माणूस. वस्तादांनी पहिले सहा महिने डाव शिकवलाच नाही, नुसता हौदा, म्हणजे आखाड्याची माती, उकरायला लावला. ताक, तेल, हळद टाकून माती मळायची आणि घरी जायचं. तेव्हा मीही मनातून शिव्या घातल्या. पण त्या मातीनंच कंबर आणि मनगट तयार केलं. कुस्तीला उतरताना आपण माती कपाळाला लावतो, ती काय मातीला अहंकार आहे म्हणून?

आचरेकर सरांनी सचिनला कधी ‘चांगला खेळलास’ म्हटलं नाही. बिघडला का तो?

आणि डोक्यात हवा गेल्यावर काय होतं ते २०२५ ला अहिल्यानगरला बघितलं की सगळ्यांनी. महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेनं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. फायनलला आपलाच महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी घातली. उलट आपल्या मोहोळचा सिकंदर शेख बघा. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्याविरुद्ध याच महेंद्रला दिलेल्या चार गुणांवरून अख्खा महाराष्ट्र भांडत होता, पण पोरानं कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेऊन आला. याला म्हणतात संस्कार.

कडकभाकरी
पंच चुकला तर त्याला किती वर्षं बसवतात ओ काका? की पंचाच्या पण पाया पडायचं?

पार्कवरची
आचरेकर सरांचं नाव काढलंत ते बरं झालं. ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. सचिनला बाद करेल त्याला ते नाणं, नाबाद राहिला तर सचिनला. पोराला संध्याकाळी घरी जाताना खिशात हात घातला की कळायचं, आज आपण कसे खेळलो. माझं तर घड्याळच शून्यावर जायचं.

आणि २०१३ ला वानखेडेवर शेवटच्या भाषणात सचिन काय म्हणाला आठवतंय? सर कधी ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत, आता तरी म्हणायला हरकत नाही, कारण आता मॅच उरली नाही. हसत म्हणाला, पण म्हणाला ना? चोवीस वर्षं खेळून, शंभर शतकं काढून त्या माणसाच्या मनात ते राहिलंच होतं.

मागवाला
विषय सोडून बोलतो, माफ करा. तो सत्काराचा फोटो मी मोठा करून बघितला. पोरीच्या खांद्यावर जी चादर टाकलीय ती सोलापुरी नाही. पानिपतचा माल आहे. सोलापुरात, सोलापूरच्या पोरीला, पानिपतची चादर! संस्कार कुणाचे गेले ते यावरून ठरवा.

पुणेमुक्कामी
फोटोवरून कसं कळलं? इथं पुण्यात रस्त्याकडेला ‘सोलापुरी चादर सेल’ लागतात, मला तर सगळ्या सारख्याच दिसतात.

मागवाला
सारख्या दिसतात म्हणूनच आमचं वाटोळं झालं साहेब. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, सोलापूरचं नाव दुसऱ्यानं लावायचंच नाही. पण पकडतंय कोण? आपली जेकार्डच्या, म्हणजे नक्षीच्या मागावर विणलेली, सुती. उलटी करा, नक्षी मागूनही दिसेल, फक्त रंग पालटलेले. हातात घेतली की वजन कळतं. ती दुसरी सिंथेटिक मिसळलेली, खांद्यावर टाकली की घसरते. फोटोत बघा, पोरीनं एका हातानं धरून ठेवलीय. वडिलांनी आयुष्यभर चादर विणली, मी बंद करून टॉवेलवर आलो. सूत महाग, कामगार मिळत नाही, आणि आयोजक म्हणतात, “शंभर रुपयांत बसवा ओ, सत्कारालाच तर द्यायचीय.”

कडकभाकरी
तुमचा टॉवेल तरी कुठं टिकतो बे? मागच्या गड्ड्याच्या जत्रेत घेतला, दोन धुण्यात गोळे.

मागवाला
गड्ड्यात रस्त्यावर घेतला असशील, तो माझा कसा झाला? अक्कल आहे का? ये कारखान्यावर, दाखवतो. आणि मला बे म्हणू नको, तुझ्या बापाच्या वयाचा आहे.

कडकभाकरी
वयाचा मान पाहिजे म्हणे. नम्रतेच्या धाग्यावर!

आखाड्यातला
इथं विषय काय चाललाय आणि हे टॉवेल पिळायलेत. ताई, पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले. १९५२ साली सात हजार! असे गुरू होते म्हणून पदक आलं.

पार्कवरची
खर्डेकरांच्या पाया मी आत्ता पडते, साष्टांग. पण त्या पोरीचे सर खर्डेकर आहेत हे कुणी ठरवलं? माझे तर स्पाइक्सचे पैसे आईनं विड्या वळून दिले होते. तिला स्टेजवर कुणी बोलावलं नाही.

तासिकावाला
मी क्रीडाशिक्षक आहे, तासिका तत्त्वावर. तास भरला तर पैसे, उन्हाळी सुट्टीत शून्य. स्पर्धेला पोरं घेऊन जातो तेव्हा एसटीचं तिकीट खिशातलं, पोरांचे वडापाव खिशातले. राहुल द्रविडनं २०२४ च्या वर्ल्डकपनंतर बक्षिसाच्या पाच कोटींऐवजी बाकी कोचेसइतकेच अडीच घेतले म्हणून सगळे कौतुक करतात. खरंच मोठा माणूस. पण सोडायला आधी हातात यावं लागतं ताई. माझ्या हातात वर्षातून एकदा तो फोटो येतो. घरी बायकोला दाखवायला तेवढाच. तुमच्या सरांनी पदक हातात धरलं ते चूकच. पण का धरलं असेल ते मला कळतं.

पार्कवरची
हे मात्र लागलं. आमच्या सरांना पगार किती होता, मी कधी विचारलंच नाही. तरी टायमिंग सांगायला पैसे पडत नव्हते.

सांगोलेकर
आमचे आबा, गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार, तरी एसटीनं फिरायचे. नम्रता अशी पाहिजे.

कडकभाकरी
आलं, सांगोला आलं. आता डाळिंबाचा भाव पण सांगून टाका.

आखाड्यातला
बरं. टायमिंग सांगायला पाहिजे होतं, एवढं मान्य. वस्तादसुद्धा कुस्ती हरलो की डाव कुठं चुकला ते मातीत बोटानं काढून दाखवायचे. पण पोरीनं वाकायला पाहिजे होतं, यावर मी ठाम आहे. कंबर काय मोडली असती?

पार्कवरची
काका, तिला विचारा ना, तिचे सर तिला टायमिंग सांगतात का. सांगत असतील तर मी स्वतः तिला घेऊन येते पाया पडायला.

मागवाला
तिला भेटलात तर चादरीच्या मागच्या बाजूचा फोटो पण काढून आणा.